तात्याबाची कावीळ

बोरदऱ्याच्या दूध संस्थेत तात्याबाने सव्वीस वर्षं फॅट काढलं आणि सव्वीस वर्षं गावाच्या शिव्या खाल्ल्या. दूध घालणाऱ्या प्रत्येकाला आपल्या म्हशीचं फॅट कमीच लागलं असं वाटतं. म्हशीला शिव्या देऊन उपयोग नसतो, म्हणून त्या टेस्टरला देतात. तात्याबा त्या ऐकून घेई, बाटली हलवी, मशीनला लावी आणि आकडा सांगे. पाच पॉइंट आठ म्हणजे पाच पॉइंट आठ. सख्ख्या चुलत्याच्या दुधालाही त्याने कधी पॉइंट नऊ केलं नाही. चुलता त्याच्या घरी चहाला येई, पण कपात बघून आधी विचारी, "ह्याचं किती लागलं?"

साखराबाई ही तात्याबाची बायको. माहेर परळीकडचं, थर्मल वीज केंद्राच्या राखेच्या पट्ट्यातलं. तिथे वाळलेलं धुणं दोनदा झटकल्याशिवाय घरात आणता येत नसे. ती सवय तिला बोरदऱ्यातही राहिली. सातवीपर्यंत शिकलेली, बोलायला कमी, मोजायला पक्की. गावाची तिच्याबद्दल एकच तक्रार होती. तिला खोटं बोलता येत नसे. कुणी उसनी चहापत्ती मागायला आलं तर बाकीच्या बाया "संपली गं बाई" म्हणत. साखराबाई म्हणे, "हाय, पर द्यायची न्हाई." सासू कडूबाई कपाळाला हात लावी. "गप ऱ्हाईली असतीस तरी चाललं असतं," ती म्हणे.

२०१३ सालच्या दुष्काळात ही गोष्ट घडली. दोन पावसाळे कोरडे गेले होते. टँकर सहाव्या दिवशी येई. निम्मी जनावरं मांजरसुंब्याच्या रस्त्यावरच्या चारा छावणीत गेली होती आणि उरलेली उसाचं वाढं चघळत उभी होती. संस्थेचं दूध नऊशे लिटरवरून तीनशेवर आलं. संस्था बंद पडणार असं रोज कुणीतरी खात्रीने सांगे. तात्याबाची झोप उडाली. आधी दोन तास, मग चार तास, मग सगळीच. साखराबाईच्या लक्षात आलं ते वेगळंच. माणूस झोपत नव्हता आणि दमतही नव्हता. पहाटे उठून त्याने अंगण तीनदा झाडलं, आणि सव्वीस वर्षांत कधी गाणं न म्हटलेला तात्याबा संस्थेकडे जाताना गाऊ लागला.

त्या आठवड्यात बोरदऱ्याच्या म्हशी सुधारल्या. एका सकाळी शहादेवच्या म्हशीला आठ पॉइंट दोन लागलं. दुसऱ्या दिवशी नऊ. तात्याबाने मशीन बाजूला सारलं होतं. "मशीन खोटं बोलतंय," तो म्हणाला. "म्हशीच्या मालकाच्या डोळ्यात बघितलं की फॅट कळतंय." तो डोळ्यात बघे आणि आकडा लिही. नऊ पॉइंट एक. नऊ पॉइंट चार. रांगेतली माणसं डोळे मोठे करून उभी राहू लागली. वाळकं वाढं खाणाऱ्या म्हशीला नऊ फॅट कसं लागतं, हा प्रश्न नऊ दिवसांत एकाही सभासदाला पडला नाही.

त्याच दिवसांत त्याने पावसाची योजना काढली. परळीच्या चिमणीतून एवढी वाफ जाते, ती पाइपाने वरच्या ढगाला जोडायची. ढग जड झाला की बोरदऱ्यावर ओढून आणायचा. पारावर बसलेल्यांपैकी दोघांनी योजना वाईट नाही असं मत दिलं. आसाराम पैलवानाने फक्त पाइप किती इंची लागेल ते विचारलं.

दहाव्या दिवशी मात्र तात्याबाची चूक झाली. संस्थेचे चेअरमन सुंदरराव दूध केंद्रावर आले होते. तात्याबाने त्यांच्या डोळ्यात बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि भरल्या रांगेसमोर सांगितलं, "चेअरमन साहेब, तुमचं दोन पॉइंट एक. पाणी हाय."

रांग हसली. त्याच्या कारकिर्दीतलं हे सगळ्यात बिनचूक रीडिंग होतं असं काही जणांचं आजही मत आहे. सुंदररावांचं मत पडलं की माणूस वेडा झाला, आणि नऊ दिवस नऊ फॅट घेणारं सगळं गाव त्या मताला दहा मिनिटांत येऊन मिळालं.

कासमने आपल्या दुधाच्या टेम्पोत त्याला अंबाजोगाईला नेलं. साखराबाई मागे रिकाम्या कॅनांच्या मधे बसली. पुढे बसलेला तात्याबा केजपर्यंत दिसेल त्या माणसाचं फॅट सांगत होता. सरकारी दवाखान्यात तो बावीस दिवस राहिला. डॉक्टरीणबाई पोरसवदा होत्या, पण धीराच्या होत्या. हा मनाचा आजार आहे, त्याला नाव आहे आणि औषधही आहे, असं त्यांनी सांगितलं. साखराबाईने ते नाव कागदावर मराठीत लिहून घेतलं. ही पांढरी गोळी रोज घ्यायची, ठरल्या दिवशी रक्त तपासायचं, पाणी भरपूर प्यायचं.

"भरपूर म्हंजी किती?" साखराबाईने विचारलं. "आमच्याकडं टँकर सहाव्या दिवशी येतो."

बाईंनी जरा थांबून तीन लिटर सांगितलं. साखराबाईने तेही लिहिलं. मग बाई म्हणाल्या, "आणि लपवू नका. आजूबाजूच्यांना माहीत असलं की लक्षणं लवकर कळतात."

साखराबाईला ते पटलं. पण ती गावात पोचली तेव्हा उशीर झाला होता. तात्याबाला कावीळ झाली आहे हे गावात सगळ्यांना कळलेलं होतं.

कावीळ कडूबाईने ठरवली होती, आणि विचार करून ठरवली होती. जुलाब म्हणावं तर इतके दिवस कसे पुरणार? हृदयाचं म्हणावं तर माणसाला पुन्हा कामावर कोण घेणार? काविळीला मात्र मान असतो. माणूस दोन महिने पडून राहिला तरी कुणी आळशी म्हणत नाही. आणि त्या साली टँकरच्या पाण्याने तालुक्यात कावीळ पसरलीच होती. नऊ फॅटचं काय, असं कुणी विचारलं तर कडूबाई म्हणे, "कावीळ डोस्क्यात चढली हुती." गावाला पटलं.

"आत्याबाई, डॉक्टरीणबाई म्हणल्या लपवू नका," साखराबाई म्हणाली.

"डॉक्टरीणबाईला बोरदऱ्यात ऱ्हायचंय का?" कडूबाई म्हणाली. "माज्या म्हायेरी एक चुलता हुता. जवानीत सहा महिनं बिघडला. मग चाळीस वरसं शान्यावानी संसार केला, चार लेकी दिल्या, सरपंच झाला. मेला तवा गाव काय म्हणलं म्हाईत हाय? येडा नाना गेला."

एक गोष्ट सासूइतकीच तिलाही कळत होती. तात्याबाच्या खुर्चीवर चेअरमनने आपला मेहुणा बद्रीनाथ बसवला होता. कावीळ उतरली की तात्याबा परत खुर्चीवर बसणार, असं सगळे धरून चालले होते. वेड उतरल्यावर बसू देतील असं कुणीच धरलं नसतं. आणि तात्याबाला खुर्चीशिवाय दुसरं काही नव्हतं. औषधाने तो शांत झाला होता, झोपत होता. त्याला वेडाची फारशी लाज वाटत नव्हती. लाज वाटत होती ती नऊ पॉइंट चारची. "मी लिव्हलं ते?" तो अधूनमधून विचारी. "माझ्या हातानं?" सकाळी केंद्राकडून कॅनचा आवाज आला की तो उठून दारापर्यंत जाई आणि परत येऊन बसे.

"तू गप ऱ्हा," कडूबाईने सुनेला बजावलं. "तुला खोटं जमत न्हाई. बोलायचं काम माजं."

साखराबाई गप राहिली. पण कावीळ सांभाळणं हे वेडापेक्षा मेहनतीचं निघालं. भाजीतली हळद बंद झाली, तेल बंद झालं. बघायला येणारा प्रत्येक जण तात्याबाची पापणी खाली ओढून बघे आणि "उतरली की" किंवा "हाय अजून थोडी" असा निकाल देई. तात्याबाच्या पाण्याच्या वेगळ्या कळशीला साखराबाईने दोरा बांधला होता. ती कळशी काविळीची म्हणून शेजारणी तिला शिवत नसत. दुष्काळात हा एकच फायदा झाला.

मग विचारणा सुरू झाली. औषध कुणाचं? कडूबाईने वैदू सांगितला. कुठला? अंबाजोगाईच्या पलीकडचा. मग बोरदऱ्यातले खरे कावीळवाले दारात येऊ लागले, आणि रिकाम्या हाताने कुणाला पाठवायचं हे कडूबाईच्या रीतीत बसत नव्हतं. ती आत जाई, पाला वाटून रस आणी, डोळे मिटून पुटपुटे आणि देई. पाला दारातल्या शेवग्याचा होता. येणारा माणूस त्याच शेवग्याखालून आत येई आणि त्याच्याखालूनच परत जाई. पाच-सहा जणांना बरं वाटलं. कावीळ बहुतेक वेळा पथ्याने आपोआप उतरते, पण ते श्रेय कुणी पथ्याला देत नाही. ज्येष्ठ महिन्यापर्यंत कडूबाईकडे थेट पाटोद्याकडून माणसं येऊ लागली. आता आपल्या हाताला गुण आहे असं तिला स्वतःलाही वाटू लागलं होतं.

आणि मग चेअरमनचे डोळे पिवळे झाले.

सुंदररावांनी चार दिवस शेवगा घेतला. गुण आला नाही. पाचव्या दिवशी बद्रीनाथने बातमी आणली की तात्याबा रोज जेवल्यावर पांढरी गोळी घेतो, त्याने स्वतः बघितलं. सुंदरराव पंधरा वर्षं सहकारात होते. सगळा मामला त्यांना एका क्षणात कळला. खरा माल घरात आणि सभासदांना पाला. त्यांनी स्वतःही असंच केलं असतं.

त्यांनी कडूबाईला बोलावून घेतलं. "मावशी," ते म्हणाले, "गुरुवारी मीटिंग हाय. तात्याबाला परत घ्यायचा विषय मी पहिलाच लावलाय. पर मला उठून बसता तर आलं पायजे."

"पाला दुपटीनं देते की."

"पाला न्हाई मावशी. गोळी."

कडूबाई घरी आली, आणि सून धुण्याला गेली तेव्हा डब्यातून दहा गोळ्या काढून कागदात बांधून पाठवून दिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखराबाईने डबा उघडला. ती रोज गोळ्या मोजत असे.

"आत्याबाई, धा गोळ्या कुठं गेल्या?"

"उंदरांनी नेल्या असतील."

"पत्र्याच्या डब्यातनं?"

"दुष्काळ हाय. उंदराला बी काय खायला मिळतंय."

साखराबाई सासूकडे बघत राहिली. कडूबाईला ते बघणं सहन होत नसे.

"चेअरमनला दिल्या," ती म्हणाली. "गुरुवारी मीटिंग हाय. तुज्याच नवऱ्यासाठी दिल्या. आन सरकारी दवाखान्याची गोळी वंगाळ कशी असंल?"

"ती रक्त तपासल्याबिगर कुणालाच द्यायची न्हाई, असं बाईंनी चारदा सांगितलंय. त्यात त्यो माणूस आठ दिस जेवला न्हाई."

"मग जा आन परत माग. पर कशाची हाय ते सांगू नको."

साखराबाई पदर खोचून निघाली. केंद्रावर सकाळचं संकलन चालू होतं. तीसेक माणसं बादल्या आणि किटल्या घेऊन रांगेत होती. बद्रीनाथ मशीनवर होता, कासम कॅन चढवत होता. खुर्चीत सुंदरराव शाल गुंडाळून बसले होते. पुढ्यात गोळ्यांचा कागद उघडा होता आणि हातात ताकाचा पेला होता.

"चेअरमन साहेब," साखराबाई म्हणाली, "त्या गोळ्या खाऊ नका."

"कावून?"

"तुमच्यासाठी न्हाईत त्या."

सुंदररावांनी मान हलवली. हे त्यांना अपेक्षितच होतं. "ते मला ठाव हाय. तुमी तुमच्या माणसासाठी ठिवल्यात. पर मी काय परका हाय का?"

"काविळीच्या न्हाईत."

"तात्याबाची उतरली ना?"

"उतरली, पर..."

"मग?" सुंदरराव रांगेकडे वळले. "बघा. एकाची उतरती अन् दुसऱ्याला म्हणत्यात काविळीची न्हाई. म्हणून सहकार मागं ऱ्हाईला." रांगेतून दोन-तीन माना हलल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "आमाला तर नुसता पालाच दिला." सुंदररावांनी गोळी उचलली. "काल संध्याकाळी एक खाल्ली, आता पहाटं एक. जरा बरं वाटाया लागलंय. ही तिसरी."

साखराबाईच्या लक्षात आलं की ती जितकं अडवेल तितकी ती गोळी ह्या माणसाला खरी वाटत जाईल. थोडंसं खरं सांगून भागणार नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दिलेला चांगला शब्द कागदावर होता आणि कागद घरी डब्यात होता. तिने हाताशी होता तो शब्द वापरला.

"ती येडाची गोळी हाय," ती म्हणाली. "ह्यांना कावीळ झालीच न्हवती. ह्यांना येड लागलं हुतं."

बद्रीनाथच्या हातातली बाटली तशीच राहिली. सुंदररावांचा हात ओठापाशी थांबला आणि हळूहळू खाली आला.

"म्हंजी आता मला येड लागायचं का?"

"लागायची न्हाई. जायाची गोळी हाय."

"मला न्हाईच, तर जाईल काय?"

ह्या प्रश्नाचं उत्तर रांगेतल्या पुष्कळांकडे होतं, पण दूध अजून मोजायचं होतं म्हणून कुणी बोललं नाही. फक्त शहादेव हळू आवाजात कुणाला तरी म्हणाला, "थोडं पाणी जाईल."

"काय जाईल ते ठाव न्हाई," साखराबाई म्हणाली. "पर आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. मी येते."

कासमने अर्धेच भरलेले कॅन तिथेच उतरवले. "पुढं बसा साहेब," तो म्हणाला. "भाबी, तुमी बी पुढं या. ह्या टायमाला कॅनमधी नको."

टेम्पो मांजरसुंब्याचा चौक सोडून केजच्या रस्त्याला लागला. सुंदरराव स्वतःकडे बारीक लक्ष ठेवून होते.

"कासम, मला शांत वाटतंय बे."

"चांगलं हाय ना साहेब."

"लई शांत वाटतंय. मला असं कधी वाटत न्हाई." मग साखराबाईला, "तात्याबाला आधी काय काय झालं हुतं? सगळं सांगा. एक बी सोडू नका. म्हंजी मला जुळवून बघता येईल."

साखराबाईने सांगितलं. झोप कशी उडाली, अंगण तीनदा कसं झाडलं, गाणं कोणतं म्हटलं, चिमणी, पाइप, दवाखान्यातले बावीस दिवस, हात थरथरायचा ते, दोरा बांधलेली कळशी. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. एवढं सलग ती कधीच बोलली नव्हती. सुंदरराव प्रत्येक लक्षणाला "न्हाई" किंवा "हे जरा हाय" असं म्हणत होते. केज मागे पडलं. मग ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "आमची छबुताई."

सुंदररावांची थोरली बहीण छबुबाई. नवऱ्याघरून परत आलेली, घरातल्या मागच्या खोलीत असे. तिला संधिवात आहे हे गावाला माहीत होतं.

"तिला कुठला संधिवात," सुंदरराव म्हणाले. "ती सोताशी बोलती. भित्तीत माणसं हायत म्हणती. पंधरा वरसं झाली. आमी संधिवात सांगतोय अन् गावातल्या बाया तेल पाठवित्यात. सतरा बाटल्या साठल्यात घरात."

कासमने गिअर बदलला.

"आमच्यात खाला हाय, म्हंजी मावशी, इमामबी," तो म्हणाला. "तिला बीपी हाय."

"बीपीच ना?"

"न्हाई," कासम म्हणाला. "पर आमी बीपी म्हंतो."

दवाखान्यात दोन गोळ्यांनी फार काही बिघडलेलं नाही असं निघालं, पण डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सुंदररावांना काविळीसाठी ठेवून घेतलं. शेवग्याच्या रसाचं ऐकून एक डॉक्टर हसले आणि दुसरे चिडले. साखराबाई बाहेरच्या बाकावर बसली होती. आपण काय केलं ते तिला आता नीट दिसलं. भर रांगेत, बद्रीनाथच्या समोर, तिने नवऱ्याची खुर्ची चेअरमनच्या मेहुण्याला देऊन टाकली होती. ती निघाली तेव्हा सुंदरराव म्हणाले, "छबुताईचं कुठं बोलू नका." साखराबाई म्हणाली, "कुणी विचारलं न्हाई तर न्हाई बोलणार." सुंदररावांना हे आश्वासन पुरेसं वाटलं नाही, पण सलाईन लागली होती.

बोरदऱ्यात गोंधळ झाला, पण साखराबाईने धरला होता तो नव्हे. तात्याबाच्या वेडावर गाव फार वेळ थांबलंच नाही. नऊ फॅटवरून अंदाज सगळ्यांना होता. गाव चिडलं ते पाल्यावर. "म्हंजी माझी कावीळ उतरली ती कशानं?" असं विचारत आसाराम पैलवान दारात उभा राहिला. आपण खोट्या औषधाने खरे बरे झालो हे त्याला अपमानाचं वाटत होतं. कडूबाई दोन दिवस सुनेशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली. "बुडवलंस," ती म्हणाली. "पाटोद्याची दोन माणसं येणार हुती आज."

धाकट्या मुलीच्या, शिवकन्याच्या सासऱ्याचा फोन आला तेव्हा मात्र लेक माघारी येते की काय, असं दोघी सासवासुनांना वाटलं. सासऱ्याने तब्येत विचारली, पाऊस विचारला, मग त्या डॉक्टरीणबाईंचा वार कोणता ते विचारलं. माझ्यासाठी नव्हे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. साखराबाईने मंगळवार सांगितला. त्यानंतरच्या आठवड्यात टँकरच्या रांगेत, पिठाच्या गिरणीत, एकदा तर देवळाच्या पायरीवर, कुणी ना कुणी तिला बाजूला घेऊन वार विचारला. प्रत्येकीचं कुणीतरी लांबचं होतं. साखराबाई एकच विचारी, "झोप लागती का त्यास्नी?"

पुढे ढकललेली मीटिंग आषाढात झाली. पाऊस अजून नव्हता. सुंदरराव नऊ किलोने उतरून आले होते. विषय पहिला तोच होता. तात्याबाला बोलावलं होतं, म्हणून साखराबाई त्याच्याबरोबर आली आणि कुणी बस म्हणायच्या आत बसली. म्हैस तिच्या नावावर होती, त्यामुळे सभासद तीच होती.

बद्रीनाथच्या बाजूचे दोन संचालक बोलले. माणूस चांगला आहे, पण विश्वास कसा ठेवायचा? शेवटी एकाने तोडगा काढला. साखराबाईने लेखी हमी द्यावी की परत असं होणार नाही.

"देणार न्हाई," साखराबाई म्हणाली. "परत हुऊ शकतं."

तात्याबाने डोळे मिटून घेतले. इतक्या स्पष्ट पराभवाची तयारी त्याने केली नव्हती.

"गोळी चालू हाय, रक्त तपासतोय," साखराबाई पुढे म्हणाली. "तरी बी हुऊ शकतं. चेअरमन साहेबांनी कावीळ परत हुणार न्हाई म्हणून कुणाला लिहून दिलं का? ते बसल्यात की खुर्चीवर."

सुंदररावांनी शाल सारखी केली.

"मी हमी देत न्हाई. लक्षणं सांगते, ती लिव्हून घ्या. झोप कमी हुती. बोलणं वाढतं. मोठमोठ्या योजना निघत्यात. असं दिसलं की त्याच दिवशी मला सांगा. गेल्या खेपेला तुमी नऊ दिस गप बसले."

"तवा फॅट चांगलं लागत हुतं," एक संचालक म्हणाला. म्हणून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. टेबलाभोवती हसू पसरलं आणि ते आवरायला वेळ लागला.

सुंदरराव हसले नाहीत. ते साखराबाईकडे बघत होते, आणि ती त्यांच्याकडे. छबुबाईचं ती काही बोलणार नव्हती, पण कुणी विचारलं तर खोटंही बोलणार नव्हती, हे त्यांना दवाखान्यापासून माहीत होतं. "तात्याबा," ते म्हणाले, "तुला काय बोलायचं हाय का?"

तात्याबा उठून उभा राहिला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले, झोप झाली आहे का ते शोधत.

"मशीन शेवटी कवा धुतलं?" त्याने विचारलं.

सगळे बद्रीनाथकडे वळले. बद्रीनाथ म्हणाला, "धुवायचं असतंय व्हय?"

ठराव मंजूर झाला. पहिले तीन महिने हंगामी, असं खाली लिहिलं, आणि सुंदररावांनी सही केली. उठताना ते कासमला म्हणाले, मंगळवारी टेम्पो जाणार असला तर घराकडून ये, संधिवाताचं एकदा दाखवून घेऊ. कासम बरं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्याबाने पाऊण तास मशीन धुतलं. त्यातून निघालेलं पाणी बघून रांगेतल्यांनी बद्रीनाथच्या काळातल्या आकड्यांबद्दल जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. साखराबाई किटली घेऊन रांगेत नववी होती. पहिला नंबर शहादेवचा. तात्याबाने बाटली हलवली, लावली, आकड्याकडे बघितलं, मग पुन्हा एकदा लावून बघितलं.

"पाच पॉइंट सहा."

"पाच पॉइंट सहा?" शहादेव म्हणाला. "बद्रीकडं सहा लागायचं. काय बे तात्याबा, दोन महिनं बसून हात आखडला का तुजा? गोळीनं डोळं गेलं का? का मुद्दाम करायला लागला?"

"पाच पॉइंट सहा," तात्याबा म्हणाला आणि लिहिलं.

शहादेव शिव्या देत बाजूला झाला. त्याच्या मागच्याने स्वतःचा आकडा ऐकायच्या आधीच सुरुवात केली. साखराबाई कान देऊन ऐकत होती. शिव्यांमध्ये कुणी जपून बोलत नव्हतं, कुणी आवाज खाली करत नव्हतं. तिचा नंबर आला. तिच्या म्हशीला पाच पॉइंट चार लागलं.

"कमी हाय," साखराबाई म्हणाली.

"मग म्हशीला सांग," तात्याबा म्हणाला. "पुढं सरक."